मुख्यमंत्री महोदय, वार्षिक अहवालात शिल्लक आधी मांडा

प्रति,
मा. मुख्यमंत्री,
(सामान्य प्रशासन विभाग)
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: सामान्य प्रशासन विभागाचा वार्षिक लेखाजोखा आणि पुढच्या वर्षाचे प्राधान्यक्रम

महोदय,

सादर नमस्कार.

सरकार कोणत्याही पक्षाचे असो, सामान्य प्रशासन विभाग सहसा मुख्यमंत्री स्वतःकडेच ठेवतात. त्याला कारणही तसेच आहे. सार्वजनिक बांधकामने केलेला रस्ता दिसतो, आरोग्य विभागाचा दवाखाना दिसतो, या विभागाचे काम मात्र लोकांच्या डोळ्यांसमोर येत नाही. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बदल्या, नोकरभरतीचे धोरण, माहितीचा अधिकार, लोकसेवा हक्क कायदा, लोकशाही दिन हे सगळे याच विभागाकडे. थोडक्यात, बाकीचे विभाग ज्या माणसांच्या आणि नियमांच्या जोरावर चालतात ती माणसे आणि ते नियम हा विभाग सांभाळतो. त्यामुळे वर्ष संपल्यावर या विभागाने आपल्या कामाबद्दल काय सांगितले, याला मी अर्थसंकल्पाच्या भाषणाइतकेच महत्त्व देतो.

मी मराठवाड्यातल्या एका तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. नोकरीत आस्थापना पाहिली, संकलने (म्हणजे ठरावीक विषयांची टेबले) पाहिली, वर पाठवायची विवरणपत्रे तयार केली. आता गावातल्या लोकांना अर्ज भरायला, अपील लिहायला मदत करतो. खिडकीच्या आतली आणि बाहेरची, दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. त्या आधारावर एक मागणी आपल्यापुढे ठेवतो: विभागाचा वार्षिक अहवाल गेल्या वर्षी दिलेल्या शब्दापासून सुरू व्हावा, आणि त्यात राहिलेले काम झालेल्या कामाच्या आधी मांडले जावे.

ही मागणी मी कुठल्या पुस्तकातून आणलेली नाही. महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या कारकुनाला सहा गठ्ठा पद्धत ठाऊक असते. टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे: निर्णयासाठी प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेशांच्या संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायचे कागद. पहिला गठ्ठा प्रलंबिताचा असतो. दप्तर तपासणीला येणारा जाणता अधिकारी हात घालायचा तो याच गठ्ठ्यात. किती कामे केली हे तो नंतर विचारायचा, आधी सर्वांत जुना कागद कोणता आणि तो का थांबला हे विचारायचा. टेबलावर आलेल्या आणि निकाली निघालेल्या कागदांची जी कार्यविवरण नोंदवही असते, तिच्या गोषवाऱ्यात तर शिल्लक कागदांचे वयसुद्धा मांडावे लागते: महिन्याच्या आतले किती, तीन महिन्यांवरचे किती, सहा महिन्यांवरचे किती, वर्ष उलटलेले किती. कनिष्ठ लिपिकाला जो नियम आपण पहिल्या महिन्यात शिकवतो, तो राज्याच्या अहवालाला लागू होत नाही. तिथे पहिल्या पानापासून सुरुवात होते ती किती लाख सेवा दिल्या, किती शिबिरे घेतली, किती शासन निर्णय निघाले इथून.

वर पोहोचणारा आकडा खाली कसा तयार होतो, हे आपल्याला कोणी सांगितले आहे का, मला शंका आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

वर्षअखेर जवळ आली की जिल्ह्याहून व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर प्रपत्र येते. त्याखाली ओळ असते: माहिती आजच दुपारी 4 पर्यंत सादर करावी, विलंब झाल्यास जबाबदारी आपली राहील. प्रपत्रातले रकाने दरवर्षी बदललेले असतात. गेल्या वर्षी ‘प्राप्त अर्ज’ आणि ‘मुदतीत निकाली’ विचारले होते, यंदा ‘एकूण लाभार्थी’ विचारलेले असते, पुढच्या वर्षी ‘शिबिरांद्वारे दिलेल्या सेवा’ असा नवा रकाना येतो. एका दाखल्याचा अर्ज पहिल्या वर्षी एका रकान्यात, दुसऱ्या वर्षी भलत्याच रकान्यात बसतो. संकलन सांभाळणाऱ्याकडे त्याच दिवशी निवडणूक शाखेचे, पुरवठा शाखेचे आणि न्यायालयीन प्रकरणांचे काम असते. तो हाती असतील ते आकडे भरतो, जिथे काही नसते तिथे ‘निरंक’ लिहितो आणि पाठवून देतो. जिल्ह्यात 358 तालुक्यांपैकी आपल्या वाट्याच्या तालुक्यांची बेरीज होते, 36 जिल्ह्यांची मंत्रालयात होते. बेरीज चोख असते. पण गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी यंदाचा आकडा ठेवून कोणाला काही पाहायचे असेल तर पाहता येत नाही, कारण मोजायची पट्टीच बदललेली असते.

यात मला कोणाचा लबाडीचा हेतू दिसत नाही. माहिती मागणाऱ्याला अहवाल वेळेत हवा असतो आणि देणाऱ्याला सुटका हवी असते. मधल्या मध्ये अहवालाचा उपयोग मात्र संपून जातो.

आता लोकसेवा हक्क कायद्याबद्दल. 28 एप्रिल 2015 रोजी अध्यादेशाने सुरू झालेला आणि त्याच वर्षी अधिनियम झालेला हा कायदा, माझ्या मते, या विभागाच्या हातातले सर्वांत मोठे काम आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला. अर्जाला पोच आणि क्रमांक द्यायचा, सेवा नाकारली तर लेखी कारण द्यायचे, अपील कुठे आणि कधीपर्यंत करायचे तेही कळवायचे. कार्यालयातच पहिले आणि दुसरे अपील, मग राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड. मुख्य आयुक्तांखेरीज महसुली विभागांसाठी आयुक्तांची तरतूद. कायदा चांगला आहे आणि त्याने पुष्कळ कामे मार्गी लागली, हे मी कार्यालयात बसून पाहिले आहे. पूर्वी दाखल्यासाठी माणूस दिवसभर व्हरांड्यात बसायचा. आता गावातल्या सेवा केंद्रावर अर्ज भरतो आणि मोबाईलवर संदेश येतो.

पण या कायद्याचे यश ज्या एका टक्केवारीवर मोजले जाते, ती ‘मुदतीत निकाली’ची टक्केवारी बरेच काही झाकते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावातल्या एका शेतमजूर बाईंनी मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज केला. मुदत संपत आली तेव्हा अर्ज ‘त्रुटी’ म्हणून परत आला: स्वयंघोषणापत्रावरची सही अस्पष्ट. त्यांनी पुन्हा भरला. या वेळी दुसरी त्रुटी निघाली, जी पहिल्या वेळीही दिसू शकली असती. तिसऱ्या अर्जावर दाखला मिळाला. प्रत्येक वेळी सेवा केंद्राचे पैसे नव्याने गेले आणि एक दिवसाची मजुरी बुडाली. आता हिशेब पाहा. बाईंच्या दृष्टीने एक दाखला होता आणि तो मुदतीच्या कितीतरी नंतर मिळाला. संगणकाच्या दृष्टीने तीन अर्ज आले आणि तिन्ही मुदतीत निकाली निघाले. अहवालात या बाई तीन यशस्वी आकडे होऊन गेल्या.

अशी माणसे किती असतील, हे सांगायला आज कोणताही आकडा पुढे येत नाही, आणि माझे गाऱ्हाणे नेमके इथे आहे. एकाच आधार क्रमांकावरून एकाच सेवेसाठी तीन महिन्यांत दुसऱ्यांदा आलेला अर्ज प्रणालीला ओळखता येणार नाही, असे नाही. ‘पहिल्या अर्जापासून हातात दाखला पडेपर्यंत किती दिवस’ हा एकच रकाना अहवालात घाला. त्याने कोणत्या तालुक्यात त्रुटी काढून मुदत वाचवली जाते ते महिन्याभरात उघडे पडेल, आणि जिथे कर्मचारी खरोखर चांगले काम करतात तेही दिसेल. त्या कर्मचाऱ्यांवर आज अन्याय होतो. त्यांचे खरे नव्वद टक्के आणि शेजारच्या तालुक्याचे कागदावरचे अठ्ठ्याण्णव टक्के एकाच यादीत लागतात आणि खरे काम करणारा खाली जातो.

अपिलांचेही तसेच. एखाद्या तालुक्यात वर्षभरात पहिले अपील ‘निरंक’ असेल तर त्याचा अर्थ सगळे सुरळीत आहे असा लावला जातो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना अपील करता येते हेच माहीत नसते, आणि ज्यांना माहीत असते त्यांना उद्या त्याच टेबलापुढे दुसऱ्या कामासाठी उभे राहायचे असते. मुदत उलटताच अपील आपोआप वरच्या अधिकाऱ्याकडे जावे अशी सोय हरियाणाने 2021 मध्ये केली. आपल्याकडे ते प्राधान्य व्हावे.

आपल्या विभागाच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून लिहायला हवी. 2025 च्या सुरुवातीला सरकारने सगळ्या विभागांसाठी 100 दिवसांचा कार्यक्रम हाती घेतला, भारतीय गुणवत्ता परिषदेकडून मूल्यमापन करून घेतले आणि 1 मे रोजी निकाल जाहीर केला. 902 मुद्द्यांपैकी 706 पूर्ण, 196 बाकी, असे स्पष्ट सांगितले. 12 विभागांनी सगळे मुद्दे पूर्ण केले, हेही सांगितले आणि जे मागे राहिले त्यांचीही नावे झाकली नाहीत. इतक्या वर्षांच्या नोकरीत सरकारने स्वतःच्या विभागांना जाहीर गुण देताना मी पाहिले नव्हते. कार्यालयांची साफसफाई झाली, जुनी दप्तरे निघाली, संकेतस्थळे सुधारली. त्यानंतर 2 ऑक्टोबर 2025 पर्यंतचा 150 दिवसांचा कार्यक्रम आला, त्यात ई-गव्हर्नन्स आणि सेवाविषयक बाबी घेतल्या, अनुकंपा नियुक्त्यांकडे लक्ष दिले. अनुकंपा यादीत नाव असलेल्या घरांची वाट पाहण्याची काय स्थिती असते ते मी आस्थापना शाखेत रोज पाहत होतो, म्हणून याचे मोल मला कळते.

मग अडचण कुठे आहे? कार्यक्रम 100 दिवसांचा, 150 दिवसांचा असतो, पण प्रशासन वर्षानुवर्षे चालते. ते 196 मुद्दे पुढे कुठे गेले, कोणते पूर्ण झाले, कोणते सोडून दिले आणि का, हे वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर यायला हवे. एक कार्यक्रम संपून दुसरा सुरू झाला की पहिल्याची शिल्लक दुसऱ्याच्या आरंभीच्या शिलकेत ओढली गेली पाहिजे. रोजकीर्द लिहिणारा कोणीही कालची अखेरची शिल्लक आज कोरी धरत नाही. एखादा मुद्दा सोडून देणे चुकीचेच ठरले असेल असेही नाही. परिस्थिती बदलते, पैसा कमी पडतो, न्यायालयाची स्थगिती येते. तेवढे एका ओळीत लिहिले तरी लोक समजून घेतात. गप्प राहिले की मात्र त्यांचा विश्वास जातो.

माहिती अधिकाराबद्दल लिहिताना मन जड होते. या राज्याने केंद्राच्या आधी, 2002 मध्येच, स्वतःचा माहितीचा कायदा केला होता. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाने तो मिळवला होता, आणि 2005 चा केंद्रीय कायदा येईपर्यंत आपण त्याच्या आधारे काम केले. त्याच महाराष्ट्राच्या माहिती आयोगाकडे 2023 आणि 2024 मध्ये एक लाखाच्या वर अपिले आणि तक्रारी प्रलंबित होत्या, देशात सर्वाधिक. आयुक्तांची शिफारस करणारी समिती मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली असते, विरोधी पक्षनेते तिचे सदस्य असतात. पदे वेळेत भरा, रिक्त होण्याच्या आधीच प्रक्रिया सुरू करा, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2019 मध्ये सांगितले आहे. त्यामुळे या बाबतीत विभागाला दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवता येत नाही. अहवालात फक्त एवढे द्या: आयोगातले कोणते पद कोणत्या तारखेला रिक्त झाले, जाहिरात कधी निघाली, समितीची बैठक कधी झाली, नियुक्ती कधी झाली. आणि आयोगापुढचे सर्वांत जुने अपील किती जुने आहे ते. कलम 4 खाली प्रत्येक कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायची 17 मुद्द्यांची माहिती किती कार्यालयांनी यंदा अद्ययावत केली, हेही त्याच पानावर बसेल. ती माहिती भिंतीवर आणि संकेतस्थळावर असती तर निम्मे अर्ज करावेच लागले नसते, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे.

रिक्त पदांचा विषय सगळ्यांना माहीत आहे म्हणून लवकर आटोपतो. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. अहवाल भरतीचा आकडा देतो, नियुक्तीपत्रे वाटल्याचे छायाचित्र देतो. त्याच वर्षी निवृत्त किती झाले, आणि आजही अतिरिक्त कार्यभारावर किती पदे चालतात, हे देत नाही. दोन-तीन सजे (एका तलाठ्याकडे असणारा गावांचा गट म्हणजे सजा) सांभाळणारा माणूस एका गावात मंगळवारी आणि दुसऱ्यात शुक्रवारी जातो. पंचनाम्याच्या दिवसांत तो कुठेच वेळेवर पोहोचत नाही आणि शिव्या त्यालाच बसतात. जिल्हावार मंजूर पदे, भरलेली पदे, अतिरिक्त कार्यभारावरची पदे, असे तीन रकाने हवेत.

कोणी म्हणेल, इतका उघड हिशेब कुठले सरकार देते? आपल्याच मातीत याची परंपरा आहे. मुंबई इलाख्याचा प्रशासन अहवाल ब्रिटिश अंमलात वर्षागणिक छापला जाई. तो परक्या सरकारने वरच्या मालकासाठी लिहिलेला होता हे खरे. पण सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानानेही वार्षिक प्रशासन अहवाल काढले. 1893 मध्ये अमरेलीत सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग आणि 1906 मध्ये तो सर्व संस्थानात, असे टप्प्याटप्प्याने जाणाऱ्या राज्यकारभाराला दरसालचा हिशेब लिहून ठेवल्याशिवाय चालले नसते. आपल्या काळातही अनिलकुमार लखीना यांनी 1980 च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना कार्यालयाची सगळी बसण्याची आणि कागद फिरण्याची पद्धत बदलली. लखीना पॅटर्न आम्ही नोकरीला लागलो तेव्हा प्रशिक्षणात शिकलो. पुढे पुणे विभागात चंद्रकांत दळवी यांनी विभागीय आयुक्त असताना झिरो पेंडन्सी, म्हणजे कागद प्रलंबित न ठेवण्याची पद्धत, राबवली. दोन्हींचा गाभा एकच होता, शिल्लक डोळ्यांसमोर ठेवायची. हे जिल्ह्यात आणि विभागात जमले आहे. मंत्रालयात जमणार नाही असे मला वाटत नाही.

बाहेरचे एक उदाहरण देतो, कारण ते अगदी आपल्या विभागासारख्या विभागाचे आहे. ऑस्ट्रेलियात पंतप्रधान आणि मंत्रिमंडळाचा स्वतंत्र विभाग आहे. तो आधी कामाचा आराखडा प्रसिद्ध करतो, आणि वर्ष संपल्यावर त्याच आराखड्यातल्या प्रत्येक मोजमापापुढे काय साध्य झाले आणि काय नाही हे लिहून संसदेपुढे अहवाल ठेवतो. 2013 च्या कायद्याने ते बंधनकारक केले आहे. आराखडा आणि अहवाल शेजारी ठेवून कोणीही वाचू शकतो. आपल्याकडे कार्यक्रम अंदाजपत्रक आहे, आर्थिक पाहणी आहे, विधिमंडळात आश्वासन समिती आहे, महालेखाकारांचे अहवाल आहेत. सामग्री कमी नाही. ती एका जागी, एका पट्टीने मोजलेली आणि सामान्य माणसाला समजेल अशा मराठीत नाही, एवढीच उणीव आहे.

प्राधान्यक्रमांबद्दल. दरवर्षी इतकी प्राधान्ये जाहीर होतात की खालच्या कार्यालयाला कोणते आधी उचलायचे ते कळत नाही. मग ज्याची बैठक लागते ते काम पुढे जाते. विभागाने वर्षासाठी पाच-सातच कामे घ्यावीत. प्रत्येकापुढे पूर्ण करण्याची तारीख आणि जबाबदार पदाचे नाव असावे. व्यक्तीचे नाव नको, बदली झाली की ते निरुपयोगी होते. माझ्या मते पहिले काम त्रुटीच्या नावाखाली परत जाणारे अर्ज थांबवण्याचे. एकदाच, सर्व त्रुटी एकत्र, अर्ज आल्यापासून ठरावीक दिवसांत कळवल्या पाहिजेत, आणि त्यानंतर नवा अर्ज न मागता त्याच क्रमांकावर पूर्तता घेतली पाहिजे. यासाठी नवा कायदा लागत नाही. शासन परिपत्रक आणि प्रणालीतला एक बदल पुरे आहे. दुसरे काम माहिती आयोगाची पदे. तिसरे, प्रपत्रातले रकाने किमान पाच वर्षे न बदलण्याचा आदेश. हा तिसरा मुद्दा किरकोळ वाटेल, पण आकडे भरणाऱ्या प्रत्येक माणसाला विचारा, तो हेच आधी मागेल.

अहवालाची तारीखही ठरवून टाकावी. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते. 28 एप्रिल हा सेवा हक्क दिन म्हणून आपण साजरा करतोच. त्या दिवशी भाषणांऐवजी हा अहवाल प्रसिद्ध व्हावा. माहिती संगणकावर असताना चार आठवडे पुरेसे आहेत. लगेच तीन दिवसांनी 1 मे ची ग्रामसभा असते. त्या ग्रामसभेत आपल्या तालुक्याचे एक पान ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी वाचून दाखवावे: किती अर्ज आले, किती परत गेले, हातात दाखला पडायला सरासरी किती दिवस लागले, सर्वांत जुना अर्ज किती जुना. लोक प्रश्न विचारतील. काही प्रश्न चढ्या आवाजात येतील. ते ऐकून घेण्याची ताकद कर्मचाऱ्यांत आहे, फक्त उत्तर द्यायला खरी माहिती हातात हवी.

वर ज्या बाईंचा उल्लेख केला, त्यांच्या मुलीला यंदाही शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे आणि उत्पन्नाचा दाखला पुन्हा काढायचा आहे. त्याआधी त्रुटीबाबतचे परिपत्रक निघावे, ही विनंती. त्याचा मसुदा तयार करण्यासाठी माझ्यासारख्या निवृत्त कर्मचाऱ्यांची मदत हवी असल्यास आम्ही विनामोबदला यायला तयार आहोत. विभागाचे उत्तर जाहीरपणे आले तर ते आमच्या ग्रामसभेत वाचून दाखवीन.

कळावे,

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त अव्वल कारकून, मराठवाडा